रिमॅप केलेल्या गाडीची वॉरंटी: पुरावा कोणाच्या हाती?

इंजिनाची ताकद वाढवून घेणे ही नगर जिल्ह्यात फॉर्च्युनरवाल्यांनी आणलेली हौस नव्हे. ती उसाच्या फडातून आली. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटली की प्रवरानगर, कोपरगाव, संगमनेर, राहुरी, नेवासा या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. भरल्या ट्रॉलीनिशी फडाच्या चिखलात दम टाकणाऱ्या ट्रॅक्टरवर मेस्त्रीचा उतारा ठरलेला: पंप वाढवा. डिझेल पंपावर जास्तीत जास्त डिझेल किती सुटावे हे ठरवणारा एक स्क्रू असतो. तो जरासा फिरवला की धूर काळा होतो, ट्रॅक्टर ओढू लागतो आणि डिझेलच्या बिलावरून घरात पुढे वर्षभर बोलणी होतात.

कंपनी त्या स्क्रूला तार ओवून शिशाचे सील मारते. पिस्टन गेला म्हणून ट्रॅक्टर शोरूमला आला, की तिथला जाणता माणूस आधी पंपाकडे वाकून बघतो. सील तुटलेले असेल तर क्लेम नाही. मालक चिडतो, पण फार भांडत नाही, कारण तुटलेले सील दोघांनाही सारखेच दिसते.

आजच्या गाड्यांत सील आहे, पण ते दिसत नाही. ते इंजिनाच्या संगणकात, म्हणजे ईसीयूत आहे, आणि शाबूत आहे की तुटले हे ठरवणारी यादी एकाच पक्षाकडे आहे. रिमॅप केल्यावर वॉरंटी जाते का, या प्रश्नावर कट्ट्याकट्ट्यावर जो वाद चालतो त्याची मेख माझ्या मते इथे आहे. वाद अश्वशक्तीचा कमी आणि पुराव्याचा जास्त आहे.

आधी रिमॅप म्हणजे काय ते पाहू. कोणत्या फेऱ्यांना, पेडल किती दाबले असता, किती डिझेल, किती दाबाने, कोणत्या क्षणी सोडायचे आणि टर्बोने किती हवा कोंबायची, याचे आकडे ईसीयूत तक्त्यांच्या रूपाने भरलेले असतात. या तक्त्यांनाच मॅप म्हणतात. स्टिअरिंगखाली ओबीडीचा सोळा पिनांचा सॉकेट असतो. त्यात वायर खोचून लॅपटॉपवर मूळ फाईल काढून घ्यायची, तिच्यातले आकडे बदलायचे आणि ती परत भरायची. गॅरेजमध्ये हे पाहिले तर गंमत वाटते. हाताला ग्रीस लागत नाही, पाना उचलावा लागत नाही. बॅटरीला चार्जर लावून ठेवलेला असतो, कारण फाईल भरताना व्होल्टेज पडले तर ईसीयू तिथल्या तिथे मरतो. आणि लॅपटॉपपाशी बसलेला पोरगा बहुतेक वेळा स्वतः आकडे बदलत नाहीच. तो मूळ फाईल दुसऱ्या शहरातल्या, कधी दुसऱ्या देशातल्या फाईलवाल्याला पाठवतो. चहा होईपर्यंत ‘स्टेज वन’ची फाईल येते, ती गाडीत जाते. ज्याने ती फाईल बनवली त्याने ही गाडी पाहिलेलीही नसते.

टर्बो डिझेलमध्ये अशा फाईलने २० ते ३० टक्के ताकद वाढल्याचा दावा विकणारे करतात, आणि तो अगदीच पोकळ नाही. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत मात्र हाती फारसे काही लागत नाही. तिथे पैसे घालवू नयेत, एवढेच.

‘कंपनीने ताकद दडवून ठेवली आहे’ हा समज कुठून येतो तेही उघड आहे. महिंद्राची स्कॉर्पिओ-एन घ्या. २.२ लिटरचे डिझेल इंजिन खालच्या मॉडेलमध्ये १३२ पीएस आणि वरच्या मॉडेलमध्ये १७५ पीएस देते. ब्रोशर वाचणाऱ्याला वाटते, मधले ४३ पीएस सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद आहेत, लॅपटॉपवाल्याकडे किल्ली आहे. पण सगळे अंतर सॉफ्टवेअरचे असते असे नाही. आपल्या शेजारचेच उदाहरण देतो. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावला फियाटच्या कारखान्यात जे १.३ मल्टिजेट इंजिन बनत असे, त्याच जातीचे इंजिन स्विफ्टपासून विस्टापर्यंत निम्म्या बाजारात धावत होते. त्याच्याही ७५ पीएस आणि ९० पीएस अशा दोन आवृत्त्या होत्या. ९० वाल्या आवृत्तीत पात्यांचा कोन बदलणारा वेगळा टर्बो होता. ७५ वाल्या गाडीत नुसती फाईल टाकून ९० मिळवणारा माणूस छोट्या टर्बोला मोठ्याचे काम सांगत होता.

यापेक्षा बोलके उदाहरण फॉर्च्युनरचे आहे. २०२१ मध्ये टोयोटाने तिच्या २.८ लिटर डिझेलची ताकद १७७ वरून २०४ पीएसवर नेली. ऑटोमॅटिक गाडीचा टॉर्क ५०० न्यूटन-मीटर केला, मॅन्युअलचा मात्र होता तसा ४२० वर ठेवला. इंजिन एकच, कंपनी एकच, परवानगीही त्यांचीच. तरी मॅन्युअलला ८० न्यूटन-मीटर कमी का? टॉर्कची मर्यादा इंजिन एकटे ठरवत नाही. त्याच्या मागे क्लच असतो, फ्लायव्हील असते, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल असते. या साखळीतली सर्वांत कच्ची कडी सोसेल तेवढाच टॉर्क कंपनी सोडते. रिमॅप करणाऱ्याला हा हिशेब माहीत नसतो, किंवा माहीत असला तरी तो बिलात लिहीत नाही.

म्हणून रिमॅपनंतर बहुधा आधी क्लच जळतो. इंजिन नंतर. टर्बो ठरलेल्यापेक्षा जास्त फेऱ्यांनी फिरतो, धुराचे तापमान वाढते, पिस्टनच्या माथ्याला त्याची झळ बसते. करंजी घाटात किंवा इमामपूरच्या घाटात दोन-चार मिनिटे पूर्ण ताकद लागली तर इंजिन ती सोसते. समृद्धी महामार्गावर शिर्डीला चढून तासभर पेडल दाबून ठेवले तर गोष्ट वेगळी. आता, समृद्धीवर वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि तेवढ्या वेगाला साधी डिझेल गाडीही आरामात चालते. मर्यादा पाळणाऱ्याला रिमॅप लागत नाही, आणि ज्याला लागतो तो मर्यादेचे नाव काढत नाही.

बीएस-६ गाड्यांत आणखी एक गुंतागुंत आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर ही मानके लागू झाली आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारे डीपीएफ बसले. ठरावीक काजळी साठली की गाडी जास्तीचे डिझेल सोडून ती जाळते. त्यासाठी सलग थोडे लांब पळणे लागते. सावेडी ते मार्केट यार्ड आणि परत, एवढेच रोज चालणाऱ्या गाडीत ती जळणी अर्धवट राहते, दिवा लागतो, आणि अर्धे जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होते. यात रिमॅपने काजळी वाढवली की दुखणे दुप्पट. मग त्याच लॅपटॉपवाल्याकडे ‘डीपीएफ ऑफ’, ‘ईजीआर ऑफ’ (ईजीआर म्हणजे धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा) अशीही फाईल मिळते. माझे मत विचाराल तर ताकदीच्या फाईलबद्दल वाद होऊ शकतो, या फाईलबद्दल नाही. तो सरळसरळ दुसऱ्याच्या फुप्फुसांवर टाकलेला खर्च आहे. पीयूसी केंद्रात डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजतात. बीएस-४ साठी १.६२ आणि बीएस-६ साठी ०.७ ही त्याची मर्यादा. नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे कोणी मोजत नाही, म्हणून ईजीआर बंद केलेली गाडीही पास होऊ शकते. पास झाली म्हणजे कायदेशीर झाली असे मात्र नाही.

कायद्याकडे येऊ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किटसारख्या, परवानगी घेऊन करायच्या बदलांना वाट आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कडक करून सांगितला: केंद्रीय नियम १२६ खाली ज्या नमुन्याला मान्यता मिळाली, त्याच्या मूळ तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरटीओचा निरीक्षक रस्त्यावर उभा राहून ईसीयू वाचत बसत नाही, त्यामुळे रिमॅपवाल्यांना या कलमाची धास्ती वाटत नाही. रुंद टायर आणि कर्कश सायलेन्सर दिसतात, म्हणून ते पकडले जातात.

नियम १२६ खाली मान्यतेच्या चाचण्या करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक आपल्या नगरमध्येच आहे. डीआरडीओची व्हीआरडीई, वाहननगरची. लष्करी गाड्यांसाठी उभी राहिलेली ही संस्था नागरी वाहनांचीही चाचणी करते. ज्या शहरात गाडीच्या नमुन्याला सरकारी शिक्का मिळतो, त्याच शहरात थोड्या अंतरावर तो शिक्का वीस-पंचवीस हजारांत पुसून मिळतो!

मग वॉरंटी? ती करार आहे, आणि करारात कंपनीने लिहून ठेवलेलेच असते की अनधिकृत बदल केल्यास जबाबदारी नाही. शोरूममध्ये याचा सोपा अर्थ काढला जातो: रिमॅप सापडला, सगळी वॉरंटी खलास. एसीचा कॉम्प्रेसर गेला तरी खलास, पॉवर विंडो अडकली तरी खलास. हे मान्य करायचे कारण नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. तक्रार सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजला न देण्याबद्दल होती. त्या आदेशात वॉरंटीबद्दलही स्पष्ट म्हटले आहे: बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पुढे प्रकरण अपिलात गेले, २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांचा दोष कायम ठेवून दंड मोजण्याची रीत बदलली, आणि कोर्टकज्जे त्यानंतरही चालूच राहिले. आदेश दुरुस्तीबद्दल आहे, रिमॅपबद्दल नाही, हे खरे. पण नुकसान आणि बाहेरचे काम यांचा संबंध दाखवा, हे तत्त्व रिमॅपलाही लागू पडते असे माझे मत आहे.

अमेरिकेत हेच तत्त्व १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यात आहे. तिथे रिमॅपवाले तो कायदा ढालीसारखा पुढे करतात. पण त्या ढालीमागे क्लच, टर्बो आणि पिस्टन लपत नाहीत, कारण जास्त टॉर्क आणि जळलेला क्लच यांचा संबंध दाखवायला कंपनीला फार कष्ट पडत नाहीत. फोक्सवॅगन-ऑडीच्या डीलरांकडे तर बदललेले सॉफ्टवेअर सापडले की गाडीच्या नोंदीवर ‘टीडी-वन’ असा शेरा पडतो, आणि तो गाडीबरोबर देशभर फिरतो. जर्मनीत वाट निराळी आहे. तिथे ट्यूनिंग तपासून घेऊन गाडीच्या कागदावर चढवता येते. न चढवता चालवली तर गाडीची रस्त्यावर धावायची परवानगीच धोक्यात येते. आणि व्होल्वोने काही वर्षे स्वतःच्या डीलरकडून पोलस्टारचे ताकद वाढवणारे सॉफ्टवेअर विकले, वॉरंटी कायम ठेवून. म्हणजे सॉफ्टवेअरने ताकद वाढवणे आणि वॉरंटी यांचे हाडवैर नाही. कोणी तपासले आणि कोणी जबाबदारी घेतली, एवढाच प्रश्न आहे.

फोक्सवॅगनचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर. २०१५ मध्ये चाचणीपुरता धूर कमी दाखवणारे सॉफ्टवेअर त्याच कंपनीच्या गाड्यांत सापडले. भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावून त्यांत नवे सॉफ्टवेअर भरायचे ठरले आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड सुनावला, त्याच्या वसुलीला सर्वोच्च न्यायालयाने रोखले. ग्राहकाच्या फाईलकडे बोट दाखवणाऱ्या उद्योगाने आपल्या फाईलचाही इतिहास लक्षात ठेवावा.

आता सील कसे वाचतात ते. प्रत्येक ईसीयूतल्या सॉफ्टवेअरला एक ओळखक्रमांक असतो, त्याला कॅल-आयडी म्हणतात, आणि सगळ्या आकड्यांवरून गणित करून काढलेला एक पडताळा असतो, तो सीव्हीएन. मॅपमधला एक आकडा बदलला तरी सीव्हीएन बदलतो. शिवाय फाईल किती वेळा भरली याची मोजदाद अनेक ईसीयू ठेवतात. त्यामुळे ‘सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी जुनी फाईल परत टाकू, कोणाला कळतंय’ हे जे सांगितले जाते त्यावर विसंबू नये. शोरूमचा स्कॅनर जोडला की नोंद बहुधा थेट कंपनीकडे जाते. ईसीयूला हात न लावता सेन्सरच्या वायरीत बसवायची जी ट्यूनिंग पेटी मिळते, ती काढून ठेवता येते हे खरे. पण वाढलेल्या दाबाच्या आणि तापमानाच्या नोंदी मागे राहू शकतात, आणि घासलेला क्लच तर राहतोच.

यातली कमी माहीत असलेली गोष्ट अशी की कॅल-आयडी आणि सीव्हीएन वाचायला शोरूम लागत नाही. हजार-दोन हजारांचा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचे अ‍ॅप यांनी बहुतेक बीएस-६ गाड्यांत ते दिसतात. दिसत नाही ती कंपनीची यादी: कोणत्या मॉडेलला, कोणत्या तारखेला, कोणता सीव्हीएन बरोबर. शोरूमनेच सर्व्हिसिंगला नवे सॉफ्टवेअर भरले तरी सीव्हीएन बदलतो, आणि जॉब कार्डावर त्याची ओळ नसेल तर पुढे तोच बदल ग्राहकाच्या गळ्यात पडू शकतो. ही यादी वाहन मान्यता देणाऱ्या संस्थांमार्फत जाहीर व्हायला हवी. तसे झाले तर तुटलेले सील पुन्हा दोघांनाही दिसेल. मग रिमॅप करून खोटे बोलणाऱ्याची सोय संपेल आणि न करता आळ येणाऱ्याची सुटका होईल.

दुसऱ्या प्रकारच्या लोकांची संख्या वाढते आहे. एमएच-१६ किंवा एमएच-१७ ची जुनी डिझेल एसयूव्ही घेणारा माणूस टायर बघतो, पत्रा ठोकून बघतो, मीटर खरे आहे का विचारतो. पहिल्या मालकाने कोणती फाईल टाकली होती हे त्याला कोण सांगणार? उरलेली वॉरंटी मिळते म्हणून त्याने चार पैसे जास्त मोजलेले असतात. जुनी गाडी घेताना अधिकृत वर्कशॉपमधून ईसीयूचा अहवाल कागदावर घ्यावा, त्याचा खर्च सहज निघतो.

ट्रॅक्टरवाल्यांनाही हे लांबचे राहिलेले नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ मानके लागू झाली. तिथे जुन्या पंपाच्या जागी कॉमन रेल आणि ईसीयू आले. वॉरंटीही आता पाच-सहा वर्षांपर्यंत मिळते. हंगामाच्या आधी ‘पंप वाढवणारा’ मेस्त्री जाऊन लॅपटॉपवाला येईल, आणि पाच-सहा वर्षांचा करार एका दुपारच्या फाईलवर लागेल. ऊस वाहणाऱ्याची गाडी हंगामात उभी राहिली तर क्लेमच्या वादापेक्षा बुडालेल्या खेपा महाग पडतात.

विम्याचे थोडक्यात सांगतो: पॉलिसीत बदल कळवण्याची अट असते, न कळवलेला रिमॅप स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या क्लेममध्ये आडवा येऊ शकतो.

वाद झालाच तर दाद नगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात मागता येते. गाडीपोटी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर राज्य आयोग. वरच्या मॉडेलची फॉर्च्युनर घेणाऱ्याने बिल तपासून पाहावे. शुल्क नाममात्र आहे, १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मात्र नवी गाडीच द्या, असा हट्ट सहसा टिकत नाही. मारुती विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची असेल तर तेवढेच मागता येते.

माझा निवाडा असा. वॉरंटीतल्या गाडीला रिमॅप करू नये. केला तर क्लच, टर्बो, इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जबाबदारी त्याच दिवशी आपल्याकडे आली असे समजावे आणि शोरूममध्ये खोटे बोलू नये. वॉरंटी संपल्यावरही डीपीएफ-ईजीआरला हात लावू नये. आणि ज्याने काहीच केलेले नाही, त्याने नवी गाडी ताब्यात घेतानाच कॅल-आयडी आणि सीव्हीएनचा फोटो काढून ठेवावा, दर सर्व्हिसिंगला सॉफ्टवेअर बदलले का ते जॉब कार्डावर लिहून घ्यावे. ‘तुमच्या गाडीत छेडछाड आहे’ असे कोणी तोंडी सांगितले तर ते ऐकून परत फिरू नये. कोणता सीव्हीएन सापडला, कोणता अपेक्षित होता आणि त्याचा बिघडलेल्या भागाशी काय संबंध, हे तीन प्रश्न ईमेलने विचारावेत आणि नकार लेखी मागावा. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे आहे; ती शोरूमच्या फेऱ्यांत घालवू नये.